फ्लेक्सवरचा निळा कोट

शिरूरहून बदली होऊन मी यवतच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो, तेव्हा फ्लेक्स नवेच होते. प्रत्येक चौकात कुणीतरी भावी सरपंच मोबाइल कानाला लावून उभा असे. त्याच आठवड्यात नववीच्या धड्यात ‘गॉडी’ हा शब्द आला. भपका आहे पण अभिरुची नाही, असा अर्थ मी सांगितला. वर्ग कोराच राहिला.

मग म्हणालो, “स्टँडसमोर पुण्यस्मरणाचा फ्लेक्स आहे ना? माणूस गेलाय, आणि मागं धबधबा, वर गुलाबपाकळ्या, अंगात निळा कोट. मान एकीकडं, कोट भलतीकडं. त्याला म्हणायचं गॉडी.”

कुणी हसलं नाही. सगळे दाराकडं पाहत होते. तिथं सूचनावही घेऊन शिपाईमामा उभे होते.

मी फ्लेक्सवरचा कोट पाहिला होता, खालचं नाव वाचलं नव्हतं. तो मामांचा मुलगा होता.

मधल्या सुट्टीत मी माफी मागायला गेलो, तर तेच म्हणाले, “कारेगावला कंपनीत व्हता, सर. हायवेला गाडी घसरली. फोटो म्हंजी गेटपासवरचा, अंगठ्याएवढा. स्टुडिओवाला म्हनला, कोट लावतो. वंगाळ दिसत आसंल तर काढतो.”

“नको, मामा. राहू द्या. चूक माझी आहे.”

“तुमी शिकलेली मानसं. परवा वर्षश्राद्ध हाय. लोकांनी हसाया नगं.”

मी पुष्कळ विनवलं. संध्याकाळी स्टँडसमोर नुसते बांबू उभे होते.

वर्षश्राद्धाला त्यांच्या घरी कासुर्डीला गेलो. फ्लेक्स आतल्या खोलीत खिळ्यांनी ठोकला होता. भिंत पुरली नव्हती, म्हणून धबधबा दुमडून मागं घातला होता. कोट मात्र पुरा दिसत होता.

मुलाची आई म्हणाली, “लग्नात कोट शिवनार म्हनायचा. सर, शोभतोय न्हाई का त्याला?”

मी वर पाहिलं. मान कोटात नीट बसलेली नव्हतीच.

“शोभतोय,” मी म्हणालो.

मामा जमिनीकडं बघत होते. मी जाताना ते फाट्यापर्यंत सोडायला आले. फ्लेक्स परत लावा म्हणून मी पुन्हा एकदा सांगितलं. “व्हय, सर,” ते म्हणाले.

तो परत लागला नाही.