कोब्यावरचा वाघ

दार लावलं, खिडकीवर पोतं टांगलं आणि बॅटरीच्या उजेडात मी भिंतीवर वाघ उभा केला. पुढच्या क्षणी पूजा उठली आणि दाराला जाऊन धडकली. कडी वर होती, तिचा हात पोचेना. ती रडली नाही, ओरडलीही नाही. कडीकडे बघत नुसत्या उड्या मारत राहिली.

आमच्या मदतनीस हिराबाईंनी कडी काढली. पूजा जी पळाली ती थेट घराच्या वाटेला. चपला अंगणवाडीतच राहिल्या.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. जुन्नर तालुक्यातल्या एका मळ्यातली अंगणवाडी माझ्याकडे होती. एक खोली, एक खिडकी, खाली सिमेंटचा कोबा, वीज नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला उजेड आणि सावलीचे खेळ शिकवले होते. उजेडाची वाट अडली की सावली पडते. वस्तू बॅटरीजवळ धरली की सावली मोठी, लांब नेली की लहान. तीन-चार वर्षांच्या मुलांना हे समजावून सांगायचं नसतं. बॅटरी त्यांच्या हातात द्यायची आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं मला जड जातं, पण दोन दिवस जमलं. ससा झाला, कोंबडी झाली, हिराबाईंचा अंबाडा झाला. तिसऱ्या दिवशी बाळू म्हणाला, "बाई, वाघ काढा की!"

मी चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. कान केले, शेपूट केलं. बॅटरीच्या अगदी जवळ धरला, तर वाघानं अख्खी भिंत व्यापली. स्वतःच्या कामावर मी खूश होते.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात तोही राहायला आला. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं पूजाच्या ओट्यावरून कुत्रं उचललं होतं, आणि तेव्हा पूजा दारात उभी होती. हे साऱ्या मळ्याला माहीत होतं. मलाही होतं. पण मुलं घरी काय बघतात ते लिहायला आमच्या एकाही रजिस्टरात रकाना नव्हता, आणि मी रजिस्टरावर चालणारी बाई होते.

दुसऱ्या दिवशी पूजा आली नाही. तिसऱ्या दिवशी पाच मुलं आली नाहीत. 'अंगणवाडीत वाघ हाय' ही बातमी बाळूनं घरोघर पोचवली होती. त्याच आठवड्यात आमच्या सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या.

"पटावर चोवीस, हजर पंधरा? साथ आहे का काही?"

"नाही मॅडम. मी वाघ काढला."

"कुठून काढला?"

"भिंतीवर काढला. सावलीचा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सावल्या बंद करा. गाणी घ्या. पुढच्या वेळी मला चोवीस दिसले पाहिजेत."

बाकीची मुलं दोन-तीन दिवसांत परतली. हिराबाई सकाळी घरोघरी जाऊन हाताला धरून आणायच्या. त्या बुद्धविहाराच्या मागं राहायच्या, पण सगळ्या मळ्यातली पोरं त्यांचं ऐकायची. पूजा मात्र त्यांनाही दाद देईना.

मला काळजी दोन गोष्टींची होती. पहिली वजनाची. त्या काळी वजनावरून मुलांच्या श्रेण्या ठरायच्या. पहिलीपेक्षा दुसरी वाईट, तिसरीत गेलं की मूल धोक्यात. पूजा चार वर्षांची, वजन दहा किलोच्या जरा वर. तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत यायला तिला सहा महिने लागले होते, ते अंगणवाडीतल्या खाऊवर आणि हिराबाईंच्या आग्रहावर. दुसरी काळजी मी शेतात गेले तेव्हा कळली.

पूजाची आई सुनंदा रोजानं कांदा खुरपत होती. पूजा बांधावर कळशीपाशी बसली होती. तिच्या पाठीमागं दहा पावलांवर ऊस. लहान मुलांना उसाच्या कडेला बसवू नका, असं वनखात्याची माणसं बजावून गेली होती.

"अगं सुनंदा, हिला इथं कशाला बसवलीस?"

"मग कुठं ठिवू? घरी कोन न्हाई, सासू लेकीकडं गेलीय. तुमच्याकडं वाघ हाय म्हनती."

"माझ्याकडं पुठ्ठा आहे. वाघ असलाच तर तो इथं आहे, हिच्या पाठीमागं."

"ते मला कळतंय बाई. तिला सांगा की!"

मी पूजाला सांगितलं. पुठ्ठा कसा कापला, कान कसे केले, सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग त्यो पुठ्ठा खातो काय?"

मी पदर झटकला आणि घरची वाट धरली.

घरी येऊन विचार केला. तिला ओढून नेता आलं असतं, दहा किलोचं पोर ते. पण ओढून आणलेलं मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढावं लागतं. मी बेल्ह्याच्या बाजारातून आणलेला दांडीचा छोटा आरसा काढला आणि कडांना चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर पुन्हा शेत गाठलं. पूजाशी बोललेच नाही. बांधावर बसले, उन्हात आरसा धरला आणि कवडसा तिच्या पायाशी पाडला.

तिनं पाय मागं घेतला. कवडसा मी कळशीवर नेला. मग तिच्या आईच्या पाठीवर. सुनंदा खुरपत होती, तिला पत्ता नाही. पूजा हसली. वाघ झाल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग ती उठून कवडसा पायानं दाबायला धावू लागली. दाबला की तो तिच्या पायावर चढायचा.

"मला द्या," ती म्हणाली.

आरसा दिला. दोन नियम सांगितले: सूर्याकडे बघायचं नाही, कोणाच्या डोळ्यांवर उजेड मारायचा नाही. तिला कवडसा सापडायला वेळ लागला. एकदा सापडल्यावर मात्र तिनं तो हळूहळू नेला तो उसावर. बाहेरच्या पाचटावर, मग दोन सरींच्या मधल्या अंधारात. तिथं तो गोल उजेड थरथरत उभा राहिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पाचट."

"अजून?"

"लई पाचट."

निघताना मी आरसा परत मागितला. ती देईना. म्हटलं, हा अंगणवाडीचा आहे, खेळायचा तर तिथं यावं लागेल. तिनं बराच विचार केला आणि अटी घातल्या. दार लावायचं न्हाई. बॅटरी काढायची न्हाई. आरसा माझ्याकडं. मी तिन्ही मान्य केल्या. सुपरवायझर मॅडमच्या अटींपेक्षा त्या रास्त होत्या.

दुसऱ्या दिवशी पूजा आली. हिराबाईंना आरसा पसंत नव्हता. "पोरांच्या हातात काच? फुटली म्हंजी अपशकुन."

"फुटली तर आधी पाय कापतील, अपशकुन मागनं. लक्ष ठेवा."

चार दिवस दार सताड उघडं होतं. सकाळचं ऊन दारातून कोब्यावर लांबपर्यंत यायचं. त्याच्या आतल्या टोकाला पूजा दाराकडे तोंड करून बसायची आणि आलेलं ऊन आरशात धरून पुन्हा खाली टाकायची. मुलं त्या कवडशावर उड्या मारायची. पुठ्ठ्याचा वाघ मी फळीवर, डब्यांच्या मागं लपवला होता.

पाचव्या दिवशी तो बाळूला सापडला. मी वजनकाट्याशी होते. वळून बघते तर बाळू दारात, दोन्ही हातांनी वाघ उंच धरलेला, आणि कोब्यावरच्या उन्हात वाघाची सावली, डोकं पूजाच्या पायापासून वीतभर. सगळी मुलं पूजाकडे बघायला लागली. मी ओरडणार होते. हिराबाईंनी माझं मनगट धरलं.

पूजा उठली नाही. दार उघडंच होतं, पण तिनं दाराकडे बघितलंही नाही. तिनं आरसा किंचित खाली वाकवला. कवडसा सरकत आला आणि वाघाच्या डोक्यावर बसला. जिथं उजेड पडला तिथली सावली नाहीशी झाली.

"बाई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मुंडकं गेलं."

"गेलं खरं," मी म्हणाले.

तिनं कवडसा पुढं नेला. पोट गेलं, पण मुंडकं परत आलं. ती चुकचुकली, तिनं पुन्हा मुंडकं पुसलं. बाळू पुठ्ठा हलवायला लागला, तशी तीही आरसा हलवायला लागली. "ए, नीट धर की त्याला! पळतंय ते!" ती बाळूवर ओरडली. मग सगळी खोली ओरडायला लागली. शेपूट ऱ्हायलं, कान ऱ्हायला, पाय पुस. थोड्या वेळानं वाघ पुसायला रांग लागली आणि कोणाचा नंबर कधी ते पूजा ठरवू लागली. बाळूचा तिनं शेवटी ठेवला.

हे मी शिकवलेलं नव्हतं. सावलीवर दुसरीकडून उजेड टाकला की सावली जाते, हे ट्रेनिंगमध्येही कोणी दाखवलं नव्हतं. चार वर्षांच्या मुलीनं ते गरजेपोटी शोधलं.

आठवड्यानं सुनंदा दारात आली. "बाई, घरी आता ताट घेऊन भिंतीवर उजेड पाडती. ताट खाली ठिवंल तर जेवंल ना!"

"जेवते का?"

"जेवती. पर उजेड पाडून झाल्याव."

पुढच्या वजनाला काटा दहा किलोच्या खाली गेला होता, तिसऱ्या श्रेणीत. वाघाच्या त्या दिवसांचा तो हिशेब. त्यापुढच्या महिन्यात ती पुन्हा दुसरीत आली आणि नंतर खाली गेली नाही. मॅडम आल्या तेव्हा चोवीस मुलं हजर होती. पूजानं त्यांना वाघ पुसून दाखवला. मॅडमनी भेटीच्या वहीत शेरा लिहिला: 'सावल्या चालू ठेवाव्यात.'

पूजाची वाघाची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. जायलाही नको होती. उसाकडे बोट करून ती "तिकडं खरा हाय" म्हणायची आणि त्या बाजूला फिरकायची नाही. अंगणवाडीत यायला मात्र ती आता भ्यायची नाही, मला तेवढंच हवं होतं.

तेव्हापासून नवीन खेळ घ्यायच्या आधी मी हिराबाईंना विचारते, या आठवड्यात कोणाच्या घरी काय झालं. त्या सांगतात, मी ऐकते. कधी कधी ते ऐकून ठरलेला खेळ रद्द करते आणि नियोजनाच्या रकान्यात खरं कारण लिहिते. वरच्या ऑफिसातून अजून कोणी हरकत घेतलेली नाही. बहुतेक तो रकाना कोणी वाचत नसावं.