चिखल अवघड की चढ?

मंडळी, आज दुपारी ऑफिसात नकाशावरून भांडण झालं.

पावसाळ्यात अकोट तालुक्यात रुग्णवाहिका कुठे उभी ठेवायची, ते आम्ही कॉम्प्युटरवर ठरवतोय. पावसात गाडी प्रत्येक गावापर्यंत जात नाही, लोकांनाच तिच्यापर्यंत यावं लागतं; म्हणून नुसतं सरळ अंतर मोजून भागत नाही. नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन ओलांडणं किती अवघड आहे, त्याप्रमाणे त्याला आकडा द्यायचा; जितकं अवघड, तितका मोठा.

मी मूर्तिजापूरकडची, काळ्या मातीत वाढलेली. मी शेतांमधल्या चिखलाच्या पांदणरस्त्याला कमी आकडा दिला आणि डोंगराच्या चढाला भरपूर. माझा सहकारी सुनील डोंगरपायथ्याच्या गावचा. त्यानं नेमकं उलटं केलं.

"ताई, चढाचं काय हाये? दम लागला का बसाचं," तो म्हणाला.

"अन् चिखलाचं काय हाये? चप्पल हातात घेतली का झालं," मी म्हटलं.

चहा थंड झाला, तरी कोणी मागे हटेना.

मग सुनीलच जरा वेळानं म्हणाला, "पण ताई, कळा सुरू झालेली बाई पायी थोडीच येईन? तिले खाटेवर टाकून चार जण आणतीन."

आम्ही दोघंही आपापल्या पायांचा हिशेब मांडून बसलो होतो.

दोघांचेही आकडे पुसले. तुमच्यापैकी कोणी भर पावसात पांदणीतून किंवा डोंगरावरून एखाद्याला खाटेवर आणलं असेल, तर किती वेळ लागला ते खाली लिहा. आम्ही अजून कोणाची खाट खांद्यावर घेतलेली नाही, आणि आकडे मात्र आम्हीच भरतोय.