गुरुवारच्या बाटल्या

अन्याय आबांवर झाला. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर, तीस-चाळीस माणसांदेखत. त्या माणसांत मी होते, हेही आत्ताच लिहून टाकते.

आबांचं नाव देत नाही. "माजं नाव छापू नगंस पोरी, म्हशीचं छाप. पानी ती पिती," असं त्यांनीच बजावलं होतं.

तळेगावाहून आंबीकडे कधी गेला असाल, तर कारखान्यांच्या पत्र्याच्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. त्या बाजूला असे कितीतरी ओढे आहेत, की जे एका कारखान्याच्या पाठीमागून येतात आणि कुणाच्या तरी रानातून नदीला मिळतात. त्यातला एक आबांच्या रानातून जातो. कुठला, ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे सुटतील.

आबा सत्तरीचे. गळ्यात तुळशीची माळ, दारूच्या थेंबाला जन्मात शिवले नाहीत. आणि त्यांच्या गोठ्यातल्या फळीवर दारूच्या बाटल्यांची रांग. शनिवार-रविवारी मोटारीतून येणारी मंडळी ओढ्याकाठी बाटल्या टाकून जायची. आबा त्या उचलायचे, आतून राखेनं तीनदा घासायचे आणि त्यांत ओढ्याचं पाणी भरून ठेवायचे. प्रत्येक बाटलीला रबरानं कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान अडकवलेलं. सगळी पानं गुरुवारची.

कारण गुरुवारी कारखान्याला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी टाक्या धुतात, आणि ते धुणं पहाटे ओढ्यात सोडतात. शुक्रवारी दुपारपर्यंत पाणी पुन्हा निवळतं. आबांच्या दोन म्हशी गाभडल्या त्या हेच पाणी पिऊन, असं आबांचं म्हणणं. ते सिद्ध झालेलं नाही. सिद्ध करायला गुरुवारी कुणी येत नाही, हे माझं म्हणणं.

"मग गुरवारी या की सायेब," आबा प्रदूषण मंडळाच्या साहेबांना फोनवर विनवायचे.

"आबा, कंपनी बंद असताना तपासणी कशी करणार? कागदावर सही कोण करणार?"

आबा फोन खाली ठेवायचे. "गुरवारी सायबाचा उपास. आमच्या वढ्याला मातर पोटभर."

मी पहिल्यांदा गेले ती ओढ्याच्या पाण्यावर लिहिलेलं पत्रक घेऊन. त्यांनी ते वाचलं नाही, नाकाला लावलं. "शाईचा वास येतुया. वढ्याचा न्हाई येत." मग फळीवरची एक बाटली उघडून माझ्या तोंडासमोर धरली. "हुंग आधी. मग लिव."

गंजका खिळा आणि त्यावर सडकं अंडं, असा काहीतरी वास होता. डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन मी पत्रकातला 'भीषण' हा शब्द तीन ठिकाणी खोडला.

'हुंग आधी' हे त्यांचं सगळ्यालाच लागू होतं. सुनेच्या चहाला, डेअरीतून परत आलेल्या दुधाला, निवडणुकीच्या आश्वासनाला. एक उमेदवार हात जोडून आला, तर आबांनी बाटली पुढे केली. "हुंगा आधी." त्यानं ती प्रसादासारखी कपाळाला लावली आणि गाडीत जाऊन बसला. आबा दिवसभर हसत होते.

शेवटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. आठ दिवस आधी सगळ्यांना कळवून. गुरुवार नव्हता, हे सांगायला नकोच. ओढ्याचं पाणी तळ दिसेल इतकं निवळ होतं. साहेबांनी त्याचा नमुना सीलबंद केला आणि पारावर चहाला बसले.

तेवढ्यात आबा दुधाचा क्रेट डोक्यावर घेऊन आले. क्रेटमध्ये बाटल्या. तो पारावर ठेवून त्यांनी एकीचं झाकण फिरवायला घेतलं. "सायेब, ह्यो गुरवार हाय. हुंगा आधी."

साहेबांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. दारूची. आबांनी लावलेलं पान मागच्या बाजूला होतं. "आबा," ते म्हणाले, "काल पोळा जोरात झालेला दिसतोय."

सगळा पार हसला. मीही हसले. विनोद चांगला होता, तेच वाईट झालं.

आबांनी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली. मग झाकण घट्ट केलं, बाटली क्रेटमध्ये ठेवली, आणि क्रेट पुन्हा डोक्यावर घेतला. कुणीही हुंगलं नाही. अहवालात आलं, 'दोष आढळला नाही.'

मी मागोमाग गेले. "आबा, माझं चुकलं."

"चुकलं न्हाई. हसू आलं तुला," ते म्हणाले. "वास आला आसता तर हसू आलं नसतं." त्यांनी क्रेट उतरवून एक बाटली माझ्या हातात दिली. "घरी न्हे."

मी ती स्कूटरच्या डिकीत टाकली आणि विसरले.

थंडीत आबा गेले. वय झालं होतं. ते मी ओढ्यावर ढकलणार नाही. दहाव्याला गेले तर गोठ्यातली फळी रिकामी. त्यांच्या थोरल्या बहिणीनं सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या होत्या, धुतल्या होत्या, भंगारवाल्याला दिल्या होत्या.

"माळकऱ्याच्या घरात दारूच्या बाटल्या," त्या म्हणाल्या. "पावणं येत्याल, काय म्हनत्याल? येकदा हसली लोकं, तेवढं बास झालं."

हसणाऱ्यांत मी होते.

डिकीतली तेवढी एक उरली. प्रयोगशाळेत नेली, तर सील नाही म्हणून त्यांनी हातसुद्धा लावला नाही. परवा मी ती उघडली. वास अजून आहे.

पण ही तुम्हाला देणार नाही. शिळ्या पाण्यावर तुमचा विश्वास बसू नये. घरातली एक बाटली स्वच्छ घासा. तुमच्या गावाजवळ कारखान्यामागून येणारा ओढा असेलच. त्यावर येत्या गुरुवारी उजाडताना जा, बाटली भरा, त्या दिवसाचं पान अडकवा, आणि पहिल्यांदा स्वतः हुंगा. जाण्याआधी कुणालाही कळवू नका.