आबांच्या गोळ्या आणि चौघांची कावीळ

आमच्या घरात एकाच आठवड्यात चार जणांना कावीळ झाली, आणि चौघांपैकी एकालाही ती झाली नव्हती. निदान माझं होतं. मी बी.एस्सी., बी.एड., भवानीनगरला शाळेत विज्ञानाचा शिक्षक. त्यामुळं घरात माझ्या शब्दाला वजन होतं. (तेव्हा होतं.)

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, तळपायांना आधी मुंग्या यायला लागल्या आणि मग पाय बधिरच झाले. आबा भाजीपाल्याला पाणी द्यायचे ते अनवाणी. सरीत पाय टाकला की पाणी कुठवर आलंय ते त्यांना न बघता कळायचं. आता पाणी घोट्यावर चढलं तरी पत्ता नाही! एकदा एक चप्पल वाटेतच गळून पडली आणि आबा दुसऱ्या चपलेवर घरापर्यंत आले. आम्ही हसलो. आबा हसले नाहीत.

"आरं, पायाला मातीच कळंना झालीया," ते म्हणाले. "पाय गेलं म्हंजी माणूस खाटंवर."

आबांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मलाही भीती वाटली.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बी जीवनसत्त्व कमी पडलंय, पायाच्या नसा दमल्यात. दोन महिने रोज एक गोळी. चुकवायची नाही." मी डबी आईच्या हातात दिली आणि म्हणालो, "ताकदीच्या गोळ्या आहेत." घोळ झाला तो इथंच!

कारण आईचा एक नियम होता: घरात आलेली चांगली वस्तू एकट्यानं खायची नाही. पेढा एक असला तरी त्याचे चार तुकडे व्हायचे. मग ताकद तेवढी आबांनाच का? आई गुपचूप चार गोळ्या कुटून संध्याकाळच्या गूळ घातलेल्या दुधात टाकायला लागली.

"दुधाला वास कसला येतोय हो आत्याबाई?" माझी बायको मंगल म्हणाली.

"म्हशीनं खाल्लं असंल कायबाय. पी गुमान!"

दुसऱ्याच दिवशी आबांनी बांधावरून आरोळी ठोकली, "मास्तर! लघवी हळदीवानी झालीया!" दुपारच्या सुट्टीत शाळेत माझीही तीच गत. संध्याकाळी मंगलनं लाजत सांगितलं, मग आईनंही.

"कावीळ!" मी जाहीर केलं. "साथ आहे साथ!" फोडणी बंद, तेल बंद. फुटाणे आणि उसाचा रस सुरू.

"आन माझ्या पायाचं काय?" आबा म्हणाले.

"आबा, आधी जीव वाचवू, मग पाय!"

पाच दिवस झाले तरी उतार पडेना, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही चौघं कळस गावाला गेलो. तिथले एक तात्या कावीळ उतरवायचे. त्यांनी चुन्याच्या निवळीत आमचे हात चोळले. पाणी पिवळंधमक! (चुन्यात हात चोळले की ते कुणाचंही पिवळं होतं, हे पुढं कळलं.) "लई भरलीया," तात्या म्हणाले. "तीन दिस दुसरं कसलंच औषध घ्यायचं न्हाय."

आईनं गोळ्या थांबवल्या आणि तीन दिवसांत सगळं स्वच्छ. मी शिक्षकांच्या खोलीत भाषण ठोकलं: "विज्ञानालाही मर्यादा असतात!" चौथ्या दिवशी आईनं पुन्हा दुधात गोळ्या टाकल्या. पाचव्या दिवशी पुन्हा पिवळं! आता मात्र माझं धाबं दणाणलं. चौघांची वरात बारामतीला.

डॉक्टरांनी आमचे डोळे तपासले. "डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. गोळ्यांची डबी बघू?" डबी निम्मी रिकामी! "अहो, महिन्याच्या गोळ्या दहा-बारा दिवसांत कुठं गेल्या?"

आई अभिमानानं म्हणाली, "डाक्टरसायेब, आमच्यात दुजाभाव न्हाय. चौघांना एकेक!"

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "मास्तर, यातलं बी-दोन मुळातच पिवळं. जास्तीचं लघवीवाटे जातं. तुम्ही आठवीला जीवनसत्त्वं शिकवत नाही?"

शिकवत होतो. त्याच आठवड्यात शिकवली होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

आबा मात्र हसण्यात नव्हते. "म्हंजी माझं पाय?"

"येतील ताळ्यावर. फक्त गोळी तुम्ही एकट्यानं खायची."

त्यानंतर आई रोज आबांना एकच गोळी द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. एकट्याला खाऊ घालताना तिला फार जड जायचं. आज ती नाही, पण डबीचं झाकण लावताना तिचा तो अपराधी चेहरा मला स्पष्ट दिसतो.

दोनेक महिन्यांनी आबा ओट्यावर पाय सोडून बसले होते. घाईत माझा पाय त्यांच्या पायावर पडला.

"आयायायं! डोळं फुटलं का रं तुझं, मास्तर?"

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. आबांना दुखलं होतं! आईनं पदर डोळ्यांना लावला. शिव्या खाऊन मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. पण मी पडलो विज्ञानाचा माणूस. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढायचा नाही, एवढं तरी आता शिकलो होतो. म्हणून खात्री करायला मी पुन्हा एकदा, जरा जोरात, त्याच पायावर पाय दिला.

आबांनी तो पाय उचलला आणि माझ्या नडगीवर असा हाणला, की त्यांचा पाय सुधारल्याची माझी खात्री पटली आणि मी तीन दिवस लंगडत शाळेत गेलो!