आक्काची बुटकी बँटम

ओल्या कोंड्याचा वास आला की बेळगावच्या कॅम्पातलं एक अंगण आठवतं. महायुद्ध संपलं होतं आणि एक गोरा अधिकारी विलायतेला परतण्याआधी आपल्या कोंबड्या विकत होता. अनगोळहून माझी आक्का आणि तिची धाकटी जाऊ आल्या होत्या. मी सोबत होतो. रोगाने आक्काच्या सासरचं खुराडं रिकामं झालं होतं. ते पुन्हा भरण्यासाठी सासूने दोघींना एकेक कोंबडी निवडायला सांगितलं होतं. जावेने मोठी पांढरी उचलली. आक्काने अंड्यांवर बसलेल्या, बँटम जातीच्या एका बुटक्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. तिने चोच मारली, पण अंड्यांवरून हलली नाही. "हीच," आक्का म्हणाली. जाऊ हसली, "कोंबडी हाय का पारवा गं?" पांढरीने भरपूर अंडी दिली, पण उबवायला ती बसेचना. शेवटी जाऊच पदरात अंडी घेऊन आली. "आक्का, तुझ्या बुटकीखाली ठेव की." "पारव्याला पेलतील व्हय?" म्हणत आक्काने ती अलगद मांडली. उन्हाळ्यात आईपेक्षा उंच झालेली पिल्लं त्या बुटकीमागे गल्लीभर फिरू लागली. कुणी थांबून बघितलं की सासू न विचारता सांगायची, "आमच्या थोरलीनं निवडलीया." हे वाक्य सांगताना मी अजूनही ताठ बसतो.