नवरीचा बाप परण्यात

चंद्रभानला कोणी नुसतं गिटारवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. तो बेस वाजवतो. चार जाड तारा, खालचा घुमणारा आवाज. सेलूच्या गोपाळच्या घरच्या बँडमध्ये तो बेस धरून उभा राहिला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता मिशी पांढरी झाली. चारठाण्याची हळद, येलदरीचा गणपती, काही सुटलं नाही. लोक गायिकेचा फोटो काढतात, ढोलकीवाल्याला खांद्यावर घेतात आणि याला विचारतात, तुमची गिटार बंद हाय का? बंद पडली की कळेल, असं म्हणून तो हसतो.

आणि कळलं. तेही त्याच्याच पोरीच्या लग्नात.

घोटाळा गोपाळचा. पोरीची, अर्पिताची पत्रिका द्यायला चंद्रभान आपल्या वालूर गावाहून सेलूला गेला. पत्रिका वाचता वाचता गोपाळचा चेहरा उतरला. चारठाण्याच्या नवरदेवाकडच्यांनी परण्याला, म्हणजे मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतच्या मिरवणुकीला, त्याचाच बँड ठरवला होता.

"मामा, आमी तारीख इचारतो अन् गाव. नवरीच्या बापाचं नाव कोण इचारतंय?"

लग्नांची दाट तिथी होती. जिल्ह्यातला एकही बेसवाला मोकळा नव्हता. शेवटी बेसचं काम कीबोर्डवर डाव्या हाताने भागवतो, असं गोपाळ म्हणाला. कमलबाईने तर घरी नवऱ्याला शपथच घातली. त्या दिवशी तो नवरीचा बाप, त्याने मांडवाच्या दारात उभं राहायचं. पाहुण्यांपुढे वाजवलं तर पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. खरंच होतं ते. चंद्रभानने शपथ घेतली. गिटार मात्र बँडच्या गाडीवर होती, ती तिथेच राहिली.

लग्नाच्या दिवशी फेटा बांधून तो दारात उभा. देवळाकडून बँड सुरू झाला आणि त्याने कान टवकारले. ढोलकी होती, कीबोर्ड होता, खाली काहीच नव्हतं. भाजीचं ताट वाढलंय आणि भाकरीच नाही.

पिठाच्या गिरणीपाशी परण्या अडला. नाचल्याशिवाय नवरदेव पुढे न्यायचा नाही, हा कुठला कायदा कोण जाणे, पण पोरं तो पाळतात. आणि नाच तर येईना. गोपाळने गाण्यावर गाणी बदलली. पोरं कमरेवर हात ठेवून उभी. घोड्यावर नवरदेव जीवन घामाघूम. मांडवात अक्षता मुठीतच ओल्या व्हायला लागल्या, मुहूर्त टळायला आला. कमलबाई तरातरा बाहेर आली.

"अवो, गिरणीतच लगन लावायचं का आता?"

"मी काय करू? शपथ तूच घातलीस."

"घातली तशी काढली. जावा, घेऊन या त्याहिला. फेटा तेवढा खाली ओढा, वळखू येऊ नका."

चंद्रभान पळाला. पन्नाशीचा माणूस, धोतर खोचून, स्वतःच्या लग्नातही असा पळाला नसेल. गाडीवर चढला. गोपाळने गिटारीचा पट्टा त्याच्या गळ्यात टाकला. पहिला सूर वाजला आणि गिरणीचा पत्रा थरारला. पोरांच्या कमरेवरचे हात सुटले. पण चंद्रभानला त्यांना तिथे नाचवायचं नव्हतं, मांडवापर्यंत आणायचं होतं. त्याने ड्रायव्हरला खूण केली. सूर फिरवत, ताणत न्यायचा आणि गाडी पुढे सरकली की मगच समेवर ठोका द्यायचा. ठोका हवा तर गाडीमागे या! पोरं आली. मागून म्हातारे आले. घोडासुद्धा मान हलवत आला. नवरदेवाचा बाप बन्सीधर, जाडजूड, कोटात, हात वर करून सगळ्यांच्या पुढे.

मांडवाच्या दारात गाडी थांबली. आता व्याहीभेट. बन्सीधर हार घेऊन नवरीच्या बापाला शोधू लागला. दारात तो नव्हताच. आरतीचं ताट धरून कमलबाई खाली मान घालून उभी. तेवढ्यात फेटा सुटून चंद्रभानच्या खांद्यावर आला.

बन्सीधरने वर गाडीकडे बघितलं. नाचून लागलेली धाप अजून बसली नव्हती.

"व्याही, सोयरीक जुळवताना हे का दडवलं? बोलायचं की. आमी घोडा सांगितलाच नसता, नाचतच आलो असतो."

आणि तो सरळ गाडीवर चढला. हार घालून त्याने चंद्रभानला, मधल्या गिटारीसकट, मिठी मारली. कोटाचं बटण तारेला लागलं आणि दोन्ही भोंग्यांतून असा काही सूर निघाला की पोरांना वाटलं, नवीन गाणं. पुन्हा सगळे नाचायला लागले.

कमलबाई गाडीपाशी गेली, तिने ताट गोपाळच्या हातात दिलं आणि गिटारीची वायर उपटली.