ताटातलं वाळवंट

भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर राजस्थानातल्या वाळवंटी मातीच्या अभ्यासासाठी माझी निवड झाली होती. निघायच्या तयारीत असतानाच आईला लकवा मारला. वडील आधीच गेलेले. पुण्यातल्या भावाने फोनवर एवढंच विचारलं, की तू आहेस ना घरी? मी होते. भद्रावतीच्या दोन खोल्यांत मी राहिले ती राहिलेच. सकाळी आईला शेजारच्या बाईंवर सोपवून कॉलेजात तास घ्यायचे, बाकीचा दिवस तिची कूस बदलायची. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी तिला झोप लागायची वाट पाहावी लागे.

माझ्याऐवजी राजस्थानात गेलेल्या मैत्रिणीने गेल्या उन्हाळ्यात थरच्या वाळवंटातल्या मातीची पिशवी पाठवली. मी ती ताटात पसरून आईच्या खाटेपाशी बसले. भिंगातून गारगोटीचे कण दिसले, वाऱ्याने घासून गोल झालेले, वर लोहाचा तांबूस लेप. अधूनमधून अभ्रक चमकत होतं. फेल्डस्पार या खनिजाचे गुलाबी तुकडेही होते. आपल्या इकडच्या जंगलात पावसाने फेल्डस्पारची चिकणमाती होते. तिथे पाणीच कमी, म्हणून ते खडकातून सुटले तसेच राहतात. लिंबू पिळलं तर बारीक फेस आला. तो चुन्याचा. धुऊन न्यायला पुरेसा पाऊस नसतो, म्हणून तो मातीतच साचतो.

एवढी रेती येते कुठून, आईने विचारलं. हिमालय आणि अरवली झिजून नद्यांनी आणली, मग वाऱ्याने पसरवली, असं मी सांगत गेले. परीक्षेत येणार का, असं न विचारता कुणी ऐकतंय, याचंच मला अप्रूप वाटलं.

मग ती म्हणाली, "तू तिथीच जानार होतीस ना?"

"हो."

"मंग जा आता. मी राहीन."

"तुले उठवनार कोन?"

इतक्या सहज ती 'जा' म्हणाली, याचा मला राग आला होता. तिने चालता हात पुढे केला. मी चिमूटभर माती ठेवली. अंगठ्याने चोळत ती म्हणाली, "रव्यावानी लागते."

संध्याकाळी मी भावाला फोन केला. दिवाळीत पंधरा दिवस तू ये, मी तिकडे जाऊन येते, म्हटलं. बघतो, म्हणाला. दिवाळी गेली, होळीही गेली. तो अजून बघूनच राह्यला आहे.